चिखलाची वही

सप्टेंबर संपत आला होता. ठोसेघर मागे टाकून साताऱ्याकडे उतरत होतो, तेव्हा मोटरसायकलचं हँडल मधोमध कुठेतरी अडकतंय असं वाटायला लागलं. वेगात असताना काहीच कळत नव्हतं. पण वळणाआधी वेग उतरला, की पुढचं चाक सरळ राहीना. जरा डावीकडे जायचं, मग मी सावरायचो, मग जरा उजवीकडे. आधी वाटलं वारा आहे, मग वाटलं हवा कमी असेल. सज्जनगडाच्या फाट्यावर थांबून हवा पाहिली, ठीक होती. बोगद्यातून बाहेर पडून शाहूपुरीत घरी पोचेपर्यंत दोन्ही दंड भरून आले होते.

अंगणात गाडी मधल्या स्टँडवर घेतली, धाकट्या भावाला मागच्या कॅरियरवर भार द्यायला लावला आणि पुढचं चाक अधांतरी केलं. दोन बोटांनी हँडल हळूहळू फिरवलं. बरोबर मधे आल्यावर ‘कट्’ करून बसलं. जणू तिथे खाच होती. आणि खाचच होती, हे दोन दिवसांनी डोळ्यांनी पाहिलं.

मला खटकलं ते वेगळंच. या गाडीचं मी काहीही चुकवलं नव्हतं. सर्व्हिस बुकात लिहिलंय त्याप्रमाणे सगळं वेळच्या वेळी. शेवटच्या सर्व्हिसिंगनंतर फक्त ४,२०० किलोमीटर झाले होते, पुढचं अजून लांब होतं. मग हे कसं?

माझं काम चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या देखभालीचं. गाडी २०२१ची हिमालयन ४११. घर ते पठार तासाभराचा रस्ता. वर गावापर्यंत डांबर, आणि तिथून टॉवरच्या पायथ्यापर्यंत जायच्या कच्च्या वाटा. उन्हाळ्यात त्यांवर जांभ्याची पिठासारखी लाल धूळ असते आणि पावसाळ्यात त्याच धुळीचं लोणी होतं. पठारावर खरा वारा पावसाळ्यातच, म्हणजे चक्क्या सगळ्यात जोरात चालायचे दिवसही तेच आणि आम्हाला वर जावं लागतं तेही त्याच दिवसांत. शिवाय सुट्टीच्या दिवशी तापोळा, बामणोली, सडावाघापूर हे आहेच. ही गाडी घेतली ती त्यासाठीच. पुढे २१ इंची, मागे १७ इंची तारेची चाकं, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा, लांब पल्ल्याचे शॉकअप. डांबरावरून वळून सरळ कच्च्यात शिरली तरी कुरकुरत नाही. वजन १९९ किलो आहे, ते मात्र चिखलात आडवी झाली की कळतं.

करंज्यात एक जुनं गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रींना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी गाडीला हातही न लावता आधी तिच्या पुढच्या बाजूकडे बघितलं आणि विचारलं, “प्रेशरनं धुतुयास न्हवं?”

“हो अण्णा. दर आठवड्याला. चिखल सुटत नाही ना.”

“आन् नळी हितं धरतुयास.” त्यांनी हँडलच्या खालच्या गळ्यावर बोट ठेवलं. “ग्रीस गेलं सगळं. पाणी ऱ्हायलं आत.”

मी सर्व्हिस बुक काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, पान पाहिलं आणि परत दिलं. “किलोमीटर लिवल्यात ह्यात. चिखल कुठं लिवलाय?”

ते एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं. आमच्या कामात प्रत्येक टॉवरची नोंदवही असते. चक्की किती तास चालली, कधी ग्रीस दिलं, कुठला बोल्ट किती बलाने आवळला, सगळं त्यात. जमीन तीच आणि वारा तोच असला तरी एका टॉवरचं दुसऱ्याला लागू करत नाही. आणि माझ्या स्वतःच्या गाडीला मी हायवेवरच्या गाडीचा हिशोब लावून बसलो होतो.

दसऱ्याला आठ-दहा दिवस होते. मी चार दिवस रजा टाकली. अण्णांना म्हटलं, “तुम्ही सांगा, हात मी लावतो.” ते हसले आणि कोपऱ्यातलं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं.

पहिला दिवस कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगांमध्ये गेला. पुढचं चाक, कॅलिपर, मडगार्ड, दोन्ही शॉकअप असं एकेक काढत शॉकअप धरणारी टी सुटी केली, तेव्हा खालच्या बेअरिंगमधून चहासारखं पाणी गळलं. बेअरिंग ज्या कड्यात बसतं ते कडं पुसून उजेडात धरलं, तर त्यावर ओळीने बारीक खळगे पडले होते. रोज तेवढ्याच जागेवर ठोके बसत होते. सरळ रस्त्यावर हँडल जवळजवळ मधेच असतं, म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा मार त्याच रेषेवर. ग्रीसचा थर असता तर तो मार पसरला असता. ग्रीस धुऊन गेलं, की लोखंडावर लोखंड. मग खळगे पडतात, आणि हँडल मधे आलं की बेअरिंग त्या खळग्यांत जाऊन बसतं. मला जे ‘अडकणं’ जाणवत होतं, ते हे होतं.

जुनी कडी आतून पहारीने ठोकून काढावी लागली, एकदा इकडून, एकदा तिकडून, वाकडी होऊ न देता. नवी कडी बसवायला मी माझ्या कामातली एक युक्ती वापरली. आदल्या रात्री ती कडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आईच्या फ्रीजरमध्ये ठेवली होती. गार झालं की लोखंड किंचित आक्रसतं आणि कडं कमी ठोक्यांत जागेवर जातं. अण्णांना ते आवडलं. “हे बरं हाय,” एवढंच म्हणाले. पण पुढच्या वेळेस गॅरेजच्या शीतपेयांच्या फ्रीजमध्ये कडी ठेवलेली मी पाहिली.

खरं कसब आवळण्यात आहे. आधी जरा जास्तच आवळायचं, मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवायचं, म्हणजे बेअरिंग आपापल्या जागी बसतात. मग सैल करायचं आणि पुन्हा हलकं आवळायचं. किती हलकं? शॉकअप खालून धरून पुढे-मागे हलवला तर ‘खट’ होता कामा नये, आणि चाक अधांतरी असताना हँडल मधून जरा ढकललं तर स्वतःच्या वजनाने एका बाजूला पडलं पाहिजे. या दोन्हींच्या मधे जागा फार थोडी आहे. मी रोज मोजमापाच्या पान्याने काम करणारा माणूस, आकडा सांगा म्हणालो. अण्णांनी माझा हात धरून हँडलवर ठेवला आणि म्हणाले, “डोळं झाक आन् फिरव.” तीन वेळा फिरवल्यावर मला कळलं.

“तीनशे किलोमीटरनं परत ये. बसंल अजून.”

पुढचं सगळं उघडलेलंच होतं म्हणून तिथलं बाकीचंही पाहिलं. शॉकअपच्या नळीवर धुळीच्या सीलखाली वाळलेल्या चिखलाची कडक वेटोळी जमली होती. उजव्या बाजूला तेलाचा ओला ठसा होता, म्हणजे आतलं ऑईल सील पाझरत होतं. मी नवीन सील आणायला निघालो, तर अण्णांनी थांबवलं. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची एक पट्टी कापली, तिच्या टोकाला हूकसारखी खाच केली, धुळीचं सील खाली ओढलं आणि पट्टी ऑईल सीलच्या ओठाखाली सरकवून नळीभोवती गोल फिरवली. काळी-लाल रेव बाहेर आली. दोन-तीन फेऱ्यांनी पाझर थांबला. सील फाटलेलं नव्हतं, नुसता एक कण ओठाखाली अडकला होता. तोच कण आणखी महिनाभर राहिला असता तर नळीवर चरा पडला असता आणि मग नवं सीलही टिकलं नसतं.

चाकाचे बेअरिंग पुढचे चांगले निघाले, मागचा डावा गेला होता. चाक वरून-खालून धरून हलवलं की बोटांना अगदी सूक्ष्म खेळ जाणवायचा. ओढ्यातून गाडी नेताना काय होतं ते मला इथे समजलं. चालून चालून हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तापलेला असतो. त्यात गार पाणी आलं की आतली हवा आक्रसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. म्हणून अण्णांचा नियम आहे की मोठा ओढा असेल तर आधी दहा मिनिटं गाडी गार होऊ द्यायची. सगळ्यांना घाई असते, पण मी आता थांबतो.

ब्रेकचं थोडक्यात सांगतो. चिखल म्हणजे पॉलिश पेपर. डांबरावर जे पॅड दीड-दोन वर्षं गेले असते, ते एका पावसाळ्यात पत्र्याला टेकत आले होते. पॅड बदलले, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावलं, ऑईल बदललं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून गाडी कितीही कमी चालली तरी दोन वर्षांनी बदलायचंच.

दुसऱ्या दिवशी मागची बाजू. मोनोशॉकच्या खाली जी जोडपट्टी असते तिच्याकडे मी आजवर बघितलंही नव्हतं. मागचं चाक जो चिखल उडवतं तो सगळा तिच्यावर येतो. खीळ बाहेर काढायला हातोडा लागला. तांबूस गंज, ग्रीसचा पत्ता नाही. गाडी मागून कडक झालीय असं मला वर्षभर वाटत होतं आणि मी तो दोष स्प्रिंगला देत होतो. साफ करून ग्रीस भरून बसवल्यावर मागे नुसतं बसलो तरी फरक कळला.

आता चेन. हा भाग मी सावकाश सांगणार आहे, कारण इथे मी कित्येक महिने चुकीचं करत होतो आणि माझ्यासारखे बरेच जण करतात. चेन लोंबताना दिसली की मला बरं वाटायचं नाही, मी ती आवळायचो. अण्णांनी चेनवर बोट दाबलं आणि म्हणाले, “सतारीची तार केलीयास.”

लांब पल्ल्याच्या शॉकअपची गाडी उभी असताना मागचं चाक बरंच खाली लोंबतं. माणूस बसला, खड्डा आला, की मागचं चाक धरणारा चिमटा वर जातो. वर जाता जाता एक क्षण असा येतो, की इंजिनाकडचं छोटं स्प्रॉकेट, चिमट्याची खीळ आणि मागचा एक्सल तिन्ही एका रेषेत येतात. त्या क्षणी दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त असतं आणि चेन सगळ्यात ताठ. उभ्या गाडीवर चेन छान घट्ट दिसत असेल, तर त्या क्षणी ती कुठे जाणार? सगळा ताण गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगवर. ते बेअरिंग बदलायचं तर इंजिन उघडावं लागतं. शहरात कमी पल्ल्याच्या गाडीला एवढा फरक पडत नाही. पण आपल्या गाड्यांना चेन डोळ्याला सैल वाटेल एवढीच ठेवायची.

मॅन्युअलातलं माप आहेच. पण ते एकदा स्वतः पडताळून पाहावं. आम्ही गाडीची मागची बाजू पट्ट्याने आवळून तिन्ही बिंदू एका रेषेत येईपर्यंत दाबली आणि तिथे चेनला थोडीशी ढील राहील असं माप लावलं. मग पट्टा सोडला आणि उभ्या गाडीवर ढील किती दिसते ते मोजून पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्ट मार्करने लिहून ठेवलं. मोजताना चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजायचं, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात ताठ लागेल तिथलं माप धरायचं.

साफ करायला रॉकेल उत्तम, पण ते आता सहज मिळत नाही, म्हणून मी चेन क्लीनर आणि मऊ ब्रश वापरतो. पेट्रोल कधीही नाही, कड्यांमधले रबरी ओ-रिंग खराब होतात. मग कोरडी पुसून ९० नंबरचं गिअर ऑईल आतल्या बाजूने, थेंब थेंब. आणि हे सगळं इंजिन बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवत. गाडी चालू करून गिअरमध्ये चेन पुसणारे मी पाहिलेत. बोट कड्यात आणि स्प्रॉकेटमध्ये गेलं तर ते बोट राहत नाही. कृपा करून असं कोणी करू नका.

चाकाच्या आऱ्यांसाठी अण्णांनी मला एका जुन्या सायकलवाल्या काकांकडे पाठवलं. मोटरसायकलच्या गॅरेजात हे काम आता फारसं कोणी करत नाही. काकांनी चाक स्टँडवर लावलं आणि छोट्या पान्याने एकेक आरा वाजवत गेले. टण्, टण्, टण्, थप. थप वाजला तो ढिला. कच्च्यात एक आरा ढिला पडला की त्याचं ओझं शेजारच्यांवर येतं, मग तेही ढिले होतात, मग एक तुटतो आणि रिम हलायला लागते. काका म्हणाले, “एकदम आवळू नगा साहेब. पाव फेरा हिकडं, पाव फेरा समोर.” तासाभरात रिम नजरेला स्थिर झाली. आता दर रविवारी मी पाना घेऊन दोन्ही चाकं वाजवतो. दोन मिनिटांचं काम आहे.

टायरचं थोडं. तारेच्या चाकात ट्यूब असते आणि पठारावर पंक्चरचं दुकान नसतं. गेल्या वर्षी सडावाघापूरजवळ मागच्या चाकात खिळा गेला, तेव्हा मला अडीच तास लागले होते. टायर रिमच्या कडेला असा चिकटलेला की सुटेना, शेवटी मित्राच्या गाडीचा साईड स्टँड त्यावर दाबून तो सोडवला. तेव्हा कळलं नाही ते हे, की टायर चढवताना समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवली तर शेवटचा भाग फार जोर न लावता आत जातो. मी जोर लावत होतो आणि लिव्हरने नवी ट्यूब चिमटली. या वेळेस गॅरेजच्या अंगणात दोनदा काढून-घालून पाहिलं, चाळीस मिनिटांवर आलो. जवळ २१ इंची एकच ट्यूब ठेवतो. अडचणीला ती मागच्या चाकातही घालून घरापर्यंत येता येतं.

रस्त्यावर मी पुढे २५, मागे ३२ हवा ठेवतो. वर कच्च्यात शिरताना पुढे २०, मागे २४. याच्या खाली जात नाही. हवा फार कमी केली की दगडावर ट्यूब चिमटते, नाहीतर टायर रिमवर सरकतो आणि सोबत ट्यूब ओढून व्हॉल्व्ह मुळातून फाडतो. व्हॉल्व्हची नट मी रिमला आवळत नाही, वर टोपणाजवळ ठेवतो. व्हॉल्व्ह तिरका दिसला की समजायचं, ट्यूब सरकायला लागली. डांबराला लागायच्या आधी हवा पुन्हा भरायची, त्यासाठी छोटा पंप बॅगेत असतोच.

कच्चं म्हणजे मात्र असलेली गाडीवाट. सड्यावर, म्हणजे पठारावरच्या उघड्या कातळावर गाडी घालायची नाही. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरही नसतो, आणि त्यातच ती सगळी फुलं येतात. २०१२ साली पश्चिम घाटासोबत आपलं कास पठार युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पण चाळकेवाडीच्या सड्यावर रोज जाणाऱ्याला यादी लागत नाही. एका टायरचा ओरखडा पुढच्या पावसापर्यंत तसाच दिसतो. धुण्याचंही तेच. माहुलीला संगमावर गाडी धुणारे मी पाहतो तेव्हा पोटात तुटतं. चेनचं तेल आणि ब्रेकची पूड सरळ कृष्णेत जाते. मी घरी बादली, मग आणि जुन्या बनियनने धुतो. एअर फिल्टर, केबली, इंजिन ऑईल या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत म्हणून सांगत बसत नाही. फक्त एक, जांभ्याच्या धुळीत फिल्टर बुकातल्या अंतरापेक्षा फार आधी भरतो. कागदी असेल तर धुवायचा नाही, आतून बाहेर हलकी हवा मारायची, आणि तरी काळाच राहिला तर बदलायचा.

चौथ्या दिवशी सगळं जोडून झाल्यावर मी प्रत्येक महत्त्वाच्या नटबोल्टवर पेन्ट मार्करने एक सरळ रेघ मारली, अर्धी नटवर, अर्धी चेसीवर. टॉवरच्या बोल्टांना आम्ही हेच करतो. नट हलला की रेघ तुटते, लांबूनही दिसतं. अण्णा ते बराच वेळ बघत उभे राहिले. मग स्वतःच्या गिऱ्हाईकाच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, “तिलाबी मार की.”

खंडेनवमीला घरी पाने, टायर लिव्हर, पंप पाटावर मांडून आईने हळदकुंकू वाहिलं. शेजारी मी एक नवी दोनशे पानी वही ठेवली. त्यात किलोमीटरचा रकाना आहे, पण शेवटी. आधी चिखलाचे दिवस, मग ओढे, मग धुळीचे दिवस. तीन ओढे झाले की चाकाचे बेअरिंग हलवून बघायचे. चिखलाचे दहा दिवस झाले की पॅड, चेन, एक्स-रेची पट्टी. पावसाळा संपला की जोडपट्टी आणि कोनसेट उघडून ग्रीस, किलोमीटर किती का झाले असेनात. हे आकडे माझ्या गाडीचे, माझ्या वाटेचे आहेत. माणदेशात चालवणाऱ्याचा हिशोब वेगळा निघेल, तिथे चिखल कमी आणि धूळ जास्त.

तीनशे किलोमीटर झाल्यावर करंज्याला गेलो. अण्णांनी पुढचं चाक उचलायला लावलं, हँडलवर हात ठेवला, डोळे मिटले. इकडून तिकडे फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं आणि बाजूला सरकले. या वेळेस आवळायचं काम त्यांनी मला दिलं.

त्या संध्याकाळची नोंद अशी आहे: चाळकेवाडी, खालची वाट. चिखल नाही, धूळ. ओढा एक, दहा मिनिटं थांबून. कोनसेट पाव फेऱ्याहून कमी आवळला, अण्णांनी पाहिला. आरे वाजवले. मागे उजवीकडचा एक ‘थप’, खूण करून ठेवली, उद्या काकांकडे.